मोबाईलवरची चिनी आणि आपला महाप्राण

(अकादमीच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मला चिनी भाषा येत नाही. मी 31 वर्षं बेळगावातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मराठी शिकवली आणि निवृत्त झालो. मोबाईलवर माझं काम फोन घेणं, फोन करणं आणि नातवंडांचे फोटो बघणं एवढंच. तरीही 'मोबाईलच्या साह्याने परभाषा शिकण्याची विद्यार्थ्यांची तयारी' ह्या विषयावर बोलायला मी उभा आहे, त्याला कारण आमच्या गल्लीतली एक मुलगी आहे. तिचं नाव मी घेणार नाही. तिला ते आवडणार नाही.

मी खासबागेत राहतो. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो, खासबाग हा बेळगावचा विणकरांचा भाग. शहापूर, वडगाव, खासबाग ह्या सगळ्या पट्ट्यात घराघरांत माग. पूर्वी हातमाग होते, आता यंत्रमाग. पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत चूल, अशी घरं अजून आहेत. खटखट आवाज सकाळी सुरू होतो तो रात्रीच थांबतो. घरात कन्नड, गल्लीत मराठी, बाजारात दोन्ही, अशी आमच्याकडची रीत. नवीन आलेल्या माणसाला त्या आवाजात झोप येत नाही आणि आम्हाला त्याच्याशिवाय येत नाही.

ही मुलगी चीनमध्ये एमबीबीएस करत होती. बारावीनंतर इथल्या खासगी कॉलेजची फी परवडली नाही, तिकडची परवडली. तिच्यासारखी किती मुलं तिकडे असतील, ह्याची मला कल्पना नव्हती. कोरोनाच्या आधी 23 हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते आणि त्यांतले बहुतेक वैद्यकीय शिक्षण घेत होते. महाराष्ट्रातले होते, आमच्या सीमाभागातले होते. वर्गात शिकवणं इंग्रजीतून. पण दवाखान्यातला रुग्ण इंग्रजी बोलत नाही. म्हणून पुढच्या वर्षांत, प्रत्यक्ष वॉर्डात जायच्या आधी, एचएसके नावाच्या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पायरी पार करावी लागते. त्या पायरीला जुन्या अभ्यासक्रमाप्रमाणे 1200 शब्द. आकडा लहान वाटतो, पण तो शब्द ऐकून कळला पाहिजे, बोलता आला पाहिजे आणि चित्रासारख्या अक्षरांत वाचताही आला पाहिजे.

2020 च्या जानेवारीत ती सुट्टीला घरी आली. महिन्याभरात परत जायचं होतं. त्याच दिवसांत वूहानची बातमी आली, 28 मार्चपासून चीनने परदेशी माणसांना दारं बंद केली, आणि ती दारं विद्यार्थ्यांसाठी पुन्हा उघडायला 2022 चा ऑगस्ट उजाडला. अडीच वर्षं ही मुलगी खासबागेतल्या घराच्या माळ्यावर बसून चिनी विद्यापीठात शिकत होती. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिकडे आठचा तास म्हणजे इकडे पहाटे साडेपाच. एका अर्थी ते बरं होतं, कारण त्या वेळी माग सुरू झालेले नसत.

दुपारी मात्र अडचण यायची. चिनी शिकवणाऱ्या ॲपसमोर शब्द बोलायचा, ॲपने तो ऐकायचा आणि बरोबर असला तर हिरवी खूण द्यायची, अशी ती पद्धत. खाली चार माग चालू असताना ॲपला शब्द ऐकू जात नसे, माग ऐकू जात. 2020 च्या एप्रिलमध्ये सगळे माग बंद होते, तेव्हा तिचा अभ्यास उत्तम झाला. तेव्हा गल्लीत कुणाच्या घरी काय शिजत होतं, हे मी इथे सांगत नाही.

मग जून आला. गलवानला जे घडलं ते आपल्याला ठाऊक आहे. 29 जून 2020 ला सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली. लोकांना त्यातलं टिकटॉक तेवढं आठवतं. त्या यादीत वीचॅटही होतं. चीनमध्ये वीचॅट म्हणजे आपलं व्हॉट्सॲप, बँक आणि वर्गाची सूचनाफळी, सगळं एकत्र. तिच्या वर्गाचा गट त्यावर, शिक्षिकेचे आवाजी निरोप त्यावर, तिकडच्या मैत्रिणी त्यावर. 24 नोव्हेंबरला आणखी 43 ॲपची यादी निघाली, त्यात डिंगटॉक होतं, ज्यावर अनेक चिनी संस्थांचे तास चालत. राष्ट्राची बाजू राष्ट्राच्या जागी. सीमा म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण एका सीमेवर राहणारी मुलगी दुसऱ्याच सीमेमुळे वर्गाबाहेर पडली, एवढं मी पाहिलं.

आणि अशा वेळी, 2021 च्या उन्हाळ्यात, तिच्याकडे एक प्रश्नावली आली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी होती. चिनी शिकण्यासाठी मोबाईल ॲप वापरण्याची तुमची किती तयारी आहे? एक ते पाच ह्यांपैकी आकडा निवडा. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, ह्याला काय लिहू? पाच लिहिलं तर पुढे विचारतील, कुठलं वापरता. जे वापरायचं ते उघडत नाही."

ती प्रश्नावली मी चाळली. शिक्षक असल्यामुळे प्रश्नपत्रिका दिसली की वाचायची सवय. बहुतेक प्रश्न दोनच गोष्टींभोवती फिरत होते: ॲप उपयोगी वाटतं का, आणि ते वापरायला सोपं वाटतं का. नंतर कळलं की ह्या विचाराला जुना आधार आहे. फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकी संशोधकाने 1989 मध्ये, कचेऱ्यांत संगणक येत होते तेव्हा, माणूस नवं यंत्र का स्वीकारतो ह्याची ही दोन कारणं मांडली. नंतरच्यांनी त्यात भर घातली. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या कागदावर एक प्रश्न नव्हता, आणि तो मी तिला विचारला. म्हटलं, "पुस्तक आहे, तासाच्या चित्रफिती आहेत, तरी तू त्या मोबाईललाच चिकटून का असतेस?"

ती म्हणाली, "सर, तो हसत नाही."

ह्या उत्तराकडे मी शेवटी परत येणार आहे. आधी दुसरी एक गोष्ट सांगतो. ती भाषेच्या शिक्षकांच्या कामाची आहे.

एक दिवस ती वैतागून आली. चिनीत सशाला एक शब्द आहे आणि पोटाला एक. ती ससा म्हणायची आणि ॲप ते पोट समजायचं. वीस वेळा म्हणून झालं होतं. शब्द रोमन अक्षरांत लिहिलेले. पोटाचा शब्द 'डी'ने सुरू होतो, सशाचा 'टी'ने, पुढचं सगळं सारखं. ॲपमधली सूचना इंग्रजीत होती: हे अक्षर इंग्रजी शब्दांत येतं तसं उच्चारा. ती तेच करत होती. मी म्हटलं, तुझ्या शिक्षिकेचा आवाज ऐकव. तिने जुन्या तासाची ध्वनिफीत लावली. मी डोळे मिटून ऐकलं, आणि मला दोन्ही शब्द अगदी स्वच्छ वेगळे ऐकू आले. एकात 'तू' होतं आणि दुसऱ्यात 'थू'.

पोट म्हणजे 'तूच़', ससा म्हणजे 'थूच़'. शेवटचा च चाकातला, चिमणीतला नव्हे.

आता गंमत बघा. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा 'टी' म्हणतो तेव्हा त्यात हवेचा झोत असतो. आपण इंग्रजी बोलतो तेव्हा तो झोत देत नाही. आपला 'टेबल' बिनझोताचा. त्यामुळे 'इंग्रजीतल्यासारखं उच्चारा' ही सूचना इंग्रजाला बरोबर ठिकाणी नेते आणि आपल्याला चुकीच्या ठिकाणी. आपण झोत दिला नाही की चिनी कानाला ते दुसरंच अक्षर वाटतं. चिनी भाषेत ब, द, ग असे घोष आवाज शब्दाच्या सुरुवातीला मुळी नाहीतच. तिथे भेद आहे तो प आणि फ ह्यांचा, त आणि थ ह्यांचा, क आणि ख ह्यांचा. अल्पप्राण आणि महाप्राण. पाणिनीच्या काळापासून आपल्याकडे ज्याला नाव आहे, चौथीच्या मुलाला आपण जो शिकवतो, तोच भेद ही मुलगी इंग्रजीच्या खिडकीतून शोधत होती. आणि त्या खिडकीतून तो दिसत नाही.

आम्ही जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तक्ता करायला बसलो. 'बी'च्या जागी प, 'पी'च्या जागी फ. 'डी'च्या जागी त, 'टी'च्या जागी थ. 'जी'च्या जागी क, 'के'च्या जागी ख. मग कळलं की जिला आपण पिनयिन म्हणतो, त्या 1958 साली चीनने स्वीकारलेल्या रोमन लिपीच्या नावातच आपण चुकतो. ते 'फिनयिन' आहे. बीजिंग हे 'पेइचिंग' आहे. ती रोमन अक्षरं इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी केलेलीच नाहीत, ती चिनी मुलांसाठी आहेत. ती इंग्रजीसारखी वाचायची सवय आपली.

च-वर्गाला तर मराठीची खरी मजा आली. हिंदीत च एकच. मराठीत दोन: चिमणीतला आणि चाकातला. चिनीत हे दोन्ही लागतात, आणि वेगळे लागतात. रोमन 'जे' म्हणजे चिमणीतला च. रोमन 'झेड' म्हणजे चाकातला. रोमन 'क्यू' म्हणजे छत्रीतला छ, आणि हे कळेपर्यंत ती मुलगी 'क्यू' दिसला की क म्हणत होती. श आणि ष ह्यांतला फरक आपण मराठी शिक्षकांनी केव्हाच सोडून दिला, 'पोटफोड्या ष' म्हणून फक्त लिहायला ठेवला. चिनीत तो जिवंत आहे. जीभ वर वळवून म्हणायचा ष वेगळा आणि शिवातला श वेगळा. फ चं दुखणं मात्र आपलं आहे. आजकालची मुलं 'फळ' म्हणताना खालचा ओठ दातांना लावतात. चिनीत तो फ भातासाठी लागतो, आणि दोन्ही ओठ मिटून म्हणायचा जुना फ धावण्यासाठी. ती मुलगी आधी दोन्हीकडे एकच वापरत होती. शेवटी तिच्या आजीला बोलावलं. आजीचा फ अस्सल होता.

माझ्या लहानपणी मराठी वर्तमानपत्रांत 'माओ त्से तुंग' आणि 'चौ एन लाय' छापलेलं असे. नंतर इंग्रजी स्पेलिंग बदललं, तसे आपणही 'माओ झेडाँग' आणि 'झाऊ एनलाय' लिहू लागलो. चिनी उच्चाराला जुनं रूप जवळचं होतं. नवं लिहिण्यात आपण अचूक झालो अशी आपली समजूत आहे.

व्याकरणाचंही थोडं सांगतो, नाहीतर हा सगळा उच्चारांचाच पसारा होईल. चिनीत प्रश्न विचारायचा तर वाक्य तसंच ठेवून शेवटी 'मा' लावतात. ॲपने ह्यावर दोन पडदे भरून इंग्रजीत खुलासा दिला होता की असा शब्द इंग्रजीत नाही, घाबरू नका. मी म्हटलं, अगं, हा आपला 'का'. जेवलास. जेवलास का? आमच्या बेळगावात 'जेवलास काय?' जुन्या वळणाची चिनी माणसं भेटली की जेवलास का असंच विचारतात. आमच्या गल्लीत तेच मराठीत विचारतात आणि कन्नडमध्ये 'ऊट आयिता?' म्हणून विचारतात. उत्तराची कुणाला अपेक्षा नसते, तिकडेही नसते. आणखी एक. उत्तर चीनमध्ये ऐकणाऱ्याला धरून 'च़ानमन' म्हणतात, आणि एरवी 'वोमन'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडे आपण आणि आम्ही. तिला हे समजावून सांगायला मला एक वाक्य लागलं.

ह्यावरून ॲप निरुपयोगी आहेत असा अर्थ कुणी काढू नये. अक्षर कसं लिहायचं, आधी कुठली रेघ, मग कुठली, हे बोटाने पडद्यावर गिरवून शिकण्यात मोबाईल फळ्यापेक्षा सरस आहे. शब्दकोशाचं तर विचारू नका. चिनी अक्षर कागदी कोशात शोधणं म्हणजे त्याचे मूळ भाग ओळखा, रेघा मोजा, पान काढा. प्लेकोसारख्या ॲपमध्ये बोटाने अक्षर काढलं की अर्थ समोर येतो. जे मला पटलं नाही ते वेगळं आहे. सलग इतके दिवस अभ्यास केला म्हणून पेटणारी ज्योत, एक दिवस चुकला की विझणारी. ती मुलगी तापाने फणफणलेली असताना ज्योत विझू नये म्हणून चार शब्द गिरवून झोपायची. शिकण्याची तयारी आणि ज्योतीची भीती, ह्या दोन्हींना प्रश्नावलीत पाचच मिळतात.

आता डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांचा उल्लेख टाळता येत नाही. सोलापूरचा हा माणूस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते. बाकीचे एकेक करून परतले, कोटणीस राहिले. ते चिनी शिकले, चिनीतून रुग्णांशी बोलले, चिनीतून शिकवलं, क्वो छिंगलान ह्या परिचारिकेशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंचा चित्रपट आपण पाहिलेला असतो, पण त्यांचं चिनी नाव आपण कसं वाचतो? इंग्रजी अक्षरांवरून 'के दिहुआ'. ते आहे 'ख तीह्वा'. 'ह्वा' म्हणजे चीन. त्यांना ना ॲप होतं, ना तक्ता. त्यांच्यापुढे रोज रुग्ण होते, आणि 'कुठं दुखतं' हे विचारल्यावाचून चालणार नव्हतं. पुढे 1947 मध्ये वसंत परांजपे विद्यार्थी म्हणून पेकिंग विद्यापीठात गेले, आणि 1954 च्या चीनभेटीत नेहरूंचे दुभाषी झाले. तेही तिथल्या माणसांत राहून शिकले.

'कुठं दुखतं' ह्यावरून आठवलं. चिनीत दुखण्याला 'थंग' म्हणतात. आणि 'तंग' म्हणजे थांब. सूर वेगळे आहेत, पण घाईत महाप्राण राहिला की डॉक्टरीणबाई रुग्णाला 'कुठं दुखतं' विचारायच्या ऐवजी 'कुठं थांबा' असं काहीतरी बोलणार. सशापोटाची गंमत इथे गंमत राहत नाही.

ह्या 'थंग'साठी काही केल्या तिचा झोत निघेना. कागद ओठांसमोर धरून बघायची युक्ती मला ठाऊक होती. प म्हणताना कागद हलत नाही, फ म्हणताना हलतो. पण कागद जाड होता, थ ला नीट हलेना. शेजारी ज्यांचे माग आहेत ते गृहस्थ तेव्हा माळ्यावर आले होते, त्यांच्या तुटलेल्या वायरीचं काहीतरी होतं. त्यांनी खिशातून सुताचा एक धागा काढला आणि म्हणाले, "हा धरा सर, हा श्वासानं हलतो." धागा ओठांसमोर धरला. 'तंग', धागा स्थिर. 'थंग', धागा पुढे उडाला. दहा मिनिटांत तिला ते जमलं. ॲपने हिरवी खूण दिली.

ते गृहस्थ जिन्याकडे निघाले, मग थांबले आणि म्हणाले, "सर, हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

क्षणभर माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. ते माझे विद्यार्थी. 25 वर्षांपूर्वी आठवीत होते. घरची भाषा कन्नड, आणि बोलीतल्या कन्नडमध्ये महाप्राण बहुधा पडतो. लिपीत आहे, जिभेवर नाही. ह्या मुलाने वर्गात धडा वाचताना 'धन' चं 'दन' केलं, 'भात' चं 'बात' केलं, आणि मी त्याची नक्कल केली. वाईट हेतूने नाही, मुलं हसावीत म्हणून. मुलं हसली. मीही हसलो. त्यानंतर त्या मुलाने माझ्या वर्गात मोठ्याने कधी वाचलं नाही, आणि दहावीनंतर तो मागावर बसला. माग घरचाच होता, तो माझ्यामुळे बसला असं मी म्हणणार नाही. पण दोन वर्षं माझ्या वर्गात बसूनही त्याने तोंड उघडलं नाही, ते माझ्यामुळे.

मी काही बोललो नाही. ते "असो सर" म्हणाले आणि खाली गेले. थोड्या वेळाने माग सुरू झाले.

तेव्हा 'तो हसत नाही' ह्या उत्तराचं वजन मला कळलं. परदेशी विद्यार्थी मोबाईलवर भाषा शिकायला का तयार होतो ह्याची अनेक कारणं असतील. पण चूक करायला जिथे लाज वाटत नाही अशी जागा त्याला हवी असते, हे मी आता खात्रीने सांगतो, कारण ती जागा माझ्या वर्गात नव्हती. विसाव्या वेळी चुकीचं बोललं तरी यंत्र शांतपणे 'पुन्हा म्हणा' म्हणतं. आपल्यापैकी किती शिक्षक विसाव्या वेळी तसं म्हणतात? मात्र तेच यंत्र ती का चुकते हे तिला सांगू शकलं नाही, कारण ती मराठी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या लेखी जगातला प्रत्येक विद्यार्थी आधी इंग्रज असतो.

उलट बाजूनेही हेच आहे. आमच्या बेळगावात मलेशियाची मुलंमुली डॉक्टरकी शिकायला येतात. वॉर्डातला रुग्ण कन्नड किंवा मराठी बोलतो. खानापूरकडची म्हातारी येते आणि म्हणते, 'कसनुसं व्हायलंय', 'पोटात कळ मारतीया'. कसनुसं म्हणजे काय, हे त्या मुलीला कुठलं ॲप सांगणार? ड्युओलिंगोवर हिंदी शिकता येते. मराठी शिकवणारा अभ्यासक्रम मी शोधला तेव्हा तिथे नव्हता. आणि असता तरी त्यात सफरचंद लाल असतं, म्हातारीच्या पोटात कळ येत नाही. चीनमध्ये आमच्या मुलीलाही पुढे हेच भोवलं. ॲप तिला प्रमाण चिनी शिकवत होतं आणि वॉर्डातल्या म्हाताऱ्या आपापल्या बोलीत कण्हत होत्या.

म्हणून अकादमीपुढे एक मागणं ठेवतो. ते मोठं नाही, आणि त्याला मोठा निधी लागणार नाही. देवनागरीतून चिनी उच्चार शिकवणारा चार पानांचा तक्ता तयार करावा, त्याला चिनी माणसाच्या आवाजाची जोड द्यावी, आणि तो मोबाईलवर उघडेल अशा रूपात फुकट ठेवावा. जपानी, जर्मन, कोरियनचेही असे तक्ते करता येतील, पण चिनीपासून सुरुवात करावी, कारण तिथे आपला महाप्राण सर्वांत जास्त उपयोगी पडतो. तक्ता भाषाशास्त्रज्ञांनी तपासावा. माझा कॅलेंडरवरचा कच्चा आहे आणि त्यात सुरांच्या खुणा मला नीट जमलेल्या नाहीत. दुसरं, दवाखान्यातल्या मराठीचा एक छोटा बोलता संग्रह करावा. कळ, कसनुसं, ठणका, घेरी, मळमळ, हातापायाला मुंग्या. हे शब्द बाहेरून येऊन आपल्या माणसांना तपासणाऱ्या मुलांसाठी. सीमाभागातली रूपंही त्यात घ्यावीत, नाहीतर आमची म्हातारी पुन्हा बाहेरच राहील.

पहिल्या कामाला थोडी सुरुवात झालेली आहे. ती मुलगी 2022 च्या शेवटी परत गेली. त्यानंतरच्या सुट्टीत आली तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन आली. तिच्या वॉर्डातल्या एका वयस्क परिचारिकेने मुद्दाम तिच्यासाठी 60 शब्दजोड्या म्हणून दिल्या आहेत: आधी अल्पप्राण, मग महाप्राण. पहिली जोडी पोट आणि ससा. मध्ये कुठेतरी ती बाई हसते, पण ती आमच्या मुलीला हसत नाही, स्वतः अडखळली म्हणून हसते. ह्या ध्वनिफितींतली खरखर काढून त्या नीट कापून देण्याचं काम खालच्या माग चालवणाऱ्या गृहस्थांच्या मुलाने केलं. तो डिप्लोमाला आहे. आवाज तपासायला आम्ही तिघं रविवारी बसलो, माग बंद असताना. वडीलही येऊन बसले. त्यांनी 60 पैकी 60 जोड्या ओळखल्या. माझ्या दोन चुकल्या.

तो पेन ड्राइव्ह मी आज बरोबर आणला आहे. कार्यक्रम संपल्यावर कार्यालयात देऊन जातो.